लाल तिखटातला साल्मोनेला पीसीआरने कसा शोधायचा: सॅम्पलपासून अहवालापर्यंत

मिरची उन्हात पसरून वाळवली जाते. त्या वेळी तिच्यावरून पक्षी फिरतात, उंदीर-पाली फिरतात, पाण्याचे शिंतोडे उडतात. वाळलेल्या मिरचीत साल्मोनेला (जुलाब-तापाला कारण ठरणारा जंतू) वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन् महिने तग धरून राहतो. पुढे तेच तिखट भेळेवर, कोशिंबिरीवर, कापलेल्या काकडीवर न शिजवता वरून भुरभुरलं जातं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) २००७ ते २००९ या काळातल्या आयात मसाल्यांची तपासणी केली तेव्हा सुमारे ६.६ टक्के खेपांमध्ये साल्मोनेला सापडला होता. म्हणून मसाला कारखाना असो वा निर्यातदार, ‘२५ ग्रॅममध्ये साल्मोनेला नाही’ हा शेरा सगळ्यांना हवा असतो आणि लवकर हवा असतो.

आयएसओ ६५७९-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या जुन्या खात्रीच्या कल्चर पद्धतीत, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यात, निगेटिव्ह म्हणायलाही तीन-चार दिवस जातात. रिअल-टाइम पीसीआरने, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याने, तेच उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळतं. पण यंत्र फक्त शेवटचे दीड-दोन तास काम करतं. सॅम्पल कसं घेतलं, जंतू नीट वाढू दिले का, कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) लावले का आणि खोल्या वेगळ्या ठेवल्या का, यावरच त्या निकालाचा खरेपणा अवलंबून असतो. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. नवीन ॲनालिस्ट, एमएस्सीचे विद्यार्थी आणि स्वतःची छोटी लॅब उभी करणारे मसालेवाले, अशा तिघांनाही तो हाताशी ठेवता यावा. उदाहरण लाल तिखटाचं घेतलंय. बाकीचे पदार्थ ओघात येतील.

पीसीआर काय बघतं

साल्मोनेलाच्या डीएनएत ‘इन्व्ह-ए’ नावाचं एक जनुक आहे. आतड्याच्या पेशीत शिरायला जंतूला ते लागतं, म्हणून जवळपास सगळ्याच साल्मोनेलात ते असतं आणि इतर जंतूंत नसतं. या जनुकाचा एक छोटा तुकडा दोन प्रायमरच्या (तुकड्याची दोन टोकं ओळखणाऱ्या छोट्या डीएनएंच्या) मधे पकडायचा आणि तापमान वर-खाली करत दर फेरीला दुप्पट करायचा. तुकडे वाढतात तसा प्रोबचा (त्या तुकड्याला चिकटणाऱ्या चमकत्या खुणेचा) प्रकाश वाढतो. प्रकाश ठरलेल्या रेषेच्या वर ज्या फेरीला जातो तो आकडा म्हणजे सीटी. सुरुवातीला डीएनए जास्त असेल तर सीटी लहान येतो. दहापट फरक म्हणजे साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक, एवढं पाठ असलं की निकाल वाचताना निम्मं काम होतं.

इन्व्ह-एवर एवढा विश्वास का, तर १९९२ मध्ये रान आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेलाचे ६३० स्ट्रेन तपासले तेव्हा ६२६ सापडले आणि इतर जंतूंच्या १४२ स्ट्रेनपैकी एकानेही खोटा पॉझिटिव्ह दिला नाही. सुटलेले चार सेन्फ्टनबर्ग आणि लिचफील्ड या प्रकारांतले होते. म्हणजे पद्धत उत्तम आहे, पण शंभर टक्के नाही, हे ग्राहकाला सांगताना अडखळायचं कारण नाही.

आधी खोल्या, मग यंत्र

लॅब उभी करताना बहुतेकांचा सगळा पैसा यंत्रात जातो आणि खोल्यांसाठी काही उरत नाही. मला विचाराल तर उलट करा. यंत्र साधं चालेल, जागा मात्र वेगळ्या हव्यात. एक जागा मास्टर मिक्ससाठी (पीसीआरच्या एन्झाइमच्या मिश्रणासाठी), तिथे कुठलाही डीएनए येता कामा नये. दुसरी सॅम्पल हाताळायला आणि डीएनए काढायला. तिसरी यंत्राची. काम नेहमी पहिल्याकडून तिसऱ्याकडे जातं, मागे कधीच नाही. प्रत्येक जागेचे पिपेट, ॲप्रन, ग्लोव्ह, मार्कर पेनसुद्धा वेगळे. यंत्राच्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मिक्सच्या खोलीत पाऊल टाकत नाही. स्वतंत्र खोल्या परवडत नसतील तर मिक्ससाठी यूव्ही दिवा असलेली बंद पीसीआर पेटी घ्या आणि ती सॅम्पलच्या ओट्यापासून शक्य तितकी लांब ठेवा.

एवढं सोवळंओवळं कशासाठी? रन संपलेल्या एका नळीत त्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. झाकण उघडलं की त्यातल्या काही हवेत, काही बोटांवर. पुढच्या आठवड्यात सगळीच सॅम्पल पॉझिटिव्ह यायला लागतात. म्हणून रन झालेली नळी किंवा प्लेट कधीही उघडायची नाही आणि ऑटोक्लेव्हमध्येही टाकायची नाही, कारण तिथे झाकणं उडतात आणि वाफेबरोबर तुकडे सगळीकडे पसरतात. दुहेरी झिप पिशवीत बंद करून तशीच जैविक कचऱ्यात द्या.

७० टक्के अल्कोहोलने ओटा पुसला म्हणजे झालं, असं बरेच जण धरून चालतात. अल्कोहोलने जंतू मरतो, डीएनए मात्र जसाच्या तसा राहतो. त्यासाठी ब्लीच लागतं. क्लोरीन साधारण ०.५ टक्के राहील असं ताजं द्रावण रोज करा, दहा मिनिटं ओट्यावर राहू द्या आणि मग पाण्याने पुसा. मास्टर मिक्स घेताना यूएनजी एन्झाइम असलेला घ्या; आधीच्या रनचे तरंगत आलेले तुकडे तो सुरुवातीलाच कापून टाकतो.

सॅम्पल: किती पाकिटं, कशी उघडायची

साल्मोनेला तिखटात सारखा पसरलेला नसतो. एका कोपऱ्यात पाच-दहा पेशी असतात आणि बाकी पोतं स्वच्छ असतं. एखाद्या लॉटमधल्या १ टक्का २५-ग्रॅम भागांत जंतू आहे असं समजा. पाच भाग तपासले तर तो लॉट पकडला जाण्याची शक्यता फक्त ४.९ टक्के. साठ भाग तपासले तरी ४५ टक्के. दूषित भाग ५ टक्के असतील तर पाच भागांत शक्यता २२.६ टक्के आणि साठ भागांत ९५ टक्क्यांवर जाते. हे गणित मालकाला समजावून सांगाच. एका निगेटिव्ह अहवालाच्या जोरावर अख्खा कंटेनर निर्धास्तपणे पाठवता येत नाही. कारखान्याची स्वच्छता आणि वाफेची प्रक्रिया यांना पर्याय नाही.

तिखटासारखा सुका माल खोलीच्या तापमानाला, सीलबंद, ओल न लागता लॅबमध्ये आणायचा. चिकनचा खिमा, पनीर, कोळंबी असेल तर १ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या जेल-पॅकसह, आणि शक्य तितक्या लवकर. गोठलेला माल गोठलेलाच यायला हवा.

पाकीट उघडताना बाहेरून अल्कोहोलने पुसा, निर्जंतुक कात्रीने कापा आणि निर्जंतुक चमच्याने २५ ग्रॅम थेट फिल्टरच्या स्टोमॅकर पिशवीत (आत जाळी असलेल्या निर्जंतुक पिशवीत) वजन करा. तिखटाचा धुरळा उडतो आणि तो शेजारच्या सॅम्पलमध्ये जातो. लॅमिनार हूडच्या वाऱ्यात तिखट कधीच मोजू नका, समोर बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातं. शांत हवेत, मास्क लावून, एका वेळी एकच पाकीट उघडं ठेवायचं. कच्च्या मालाची पाकिटं शेवटी घ्या, तयार मालाची आधी.

एनरिचमेंट: घाई करायची नाही अशी पायरी

एनरिचमेंट म्हणजे पीसीआरआधी जंतू वाढवणं. पीसीआर इतकं संवेदनशील असेल तर सरळ तिखटातूनच डीएनए का काढायचा नाही, असा प्रश्न नवीन मुलं विचारतात. हिशेब करून बघा. २५ ग्रॅम तिखट आणि २२५ मिली बफर्ड पेप्टोन वॉटर (बीपीडब्ल्यू, जंतू वाढवायचं पोषक द्रावण) मिळून साधारण २५० मिली. त्यात एकच पेशी असेल तर १ मिली उचलल्यावर ती आपल्या हाती लागण्याची शक्यता अडीचशेत एक. पुढे त्या १ मिलीचा डीएनए १०० मायक्रोलिटरमध्ये येतो आणि त्यातले ५ मायक्रोलिटर नळीत जातात, म्हणजे आणखी विसावा हिस्सा. ती पेशी आधी वाढवलीच पाहिजे.

किती वाढवायची? नळीत खात्रीने सिग्नल मिळायला मिलीला दहा हजार पेशी असाव्यात असं धरा. २५० मिलीत २५ लाख पेशी झाल्या. एकापासून तिथे पोचायला २१-२२ वेळा दुप्पट व्हावं लागतं. साल्मोनेला २० ते ३० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे सात ते साडेदहा-अकरा तास. पण ही धडधाकट पेशीची गोष्ट झाली. तिखटातली पेशी महिनोन् महिने कोरडी पडलेली असते, जखमी असते. ती सावरायलाच काही तास घेते. म्हणून १८ तास. ग्राहकाने कितीही तगादा लावला तरी सुक्या मसाल्याला दहा तासांत उपसायचं नाही. ताज्या खिम्यासाठी कमी वेळ चालतो असं किटवाल्यांचं पत्रक सांगतं. तो वेळ तुमच्या पदार्थासाठी सिद्ध केलेला आहे का, हे त्याच पत्रकात शोधा.

प्रत्यक्ष कृती अशी. पिशवीतल्या तिखटावर बीपीडब्ल्यू हळूहळू ओता आणि लगेच घुसळू नका. कोरड्या पेशीला एकदम पाणी मिळालं तर तिला धक्का बसतो. पिशवी खोलीच्या तापमानाला तासभर तशीच ठेवा. मग हलक्या हाताने एकजीव करा, पीएच बघा, ६.८ ते ७ च्या दरम्यान नसेल तर निर्जंतुक सोडियम हायड्रॉक्साइडने आणा आणि ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये १८ तास ठेवा. पिशव्या एकमेकींवर रचू नका. मधल्या पिशवीला तापमान गाठायला बराच वेळ लागतो.

गरम मसाला, गोडा मसाला हातात आला की इथे थांबून विचार करावा लागतो. लवंग आणि दालचिनी स्वतःच जंतू मारतात. त्यांच्या २५ ग्रॅममध्ये २२५ मिली पाणी घातलं तर साल्मोनेला असूनही वाढत नाही आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. अमेरिकी एफडीएच्या पद्धतीत म्हणूनच दालचिनी एकास शंभर आणि लवंग एकास हजार अशी पातळ करतात. कांदा आणि लसूण पावडरला मीडियात ०.५ टक्के पोटॅशियम सल्फाइट घालतात, त्याने त्यांची मारक शक्ती निष्प्रभ होते. मिश्र मसाल्यात लवंग-दालचिनीचं प्रमाण किती आहे ते कारखान्याकडून विचारून घ्या आणि तुमच्या पातळीला जंतू वाढतो का हे एकदा जंतू मुद्दाम घालून तपासा. ते कसं, हे पुढे येईल.

दर बॅचला आणखी दोन पिशव्या लावायच्या. एकीत नुसतं बीपीडब्ल्यू, दुसरीत बीपीडब्ल्यू आणि ओळखीच्या साल्मोनेलाच्या मोजक्या पेशी. पहिली स्वच्छ राहिली पाहिजे, दुसरी पॉझिटिव्ह आली पाहिजे. या दुसऱ्या पिशवीसाठी मालात सहसा न आढळणारा प्रकार निवडा. बऱ्याच लॅब साल्मोनेला नॉटिंगहॅम वापरतात. एखाद्या सॅम्पलमधून पुढे तोच प्रकार निघाला तर तो मालातला नाही, आपल्याच ओट्यावरून गेला, हे लगेच कळतं.

इन्क्युबेटरला लावण्याआधी प्रत्येक पिशवीतला १ मिली काढून फ्रिजरमध्ये ठेवून द्या. त्यावर ‘शून्य तास’ लिहा. याचा उपयोग निकाल वाचताना होईल.

डीएनए काढणं

किट असेल तर किटच्या कागदाप्रमाणे जा. किट नसेल तर उकळून काढलेला डीएनए साल्मोनेलासारख्या ग्राम-निगेटिव्ह जंतूला पुरतो.

पिशवी हलवून दहा मिनिटं उभी ठेवा, जाड कण खाली बसू द्या. फिल्टरच्या पलीकडच्या बाजूने वरचा १ मिली घ्या. तरीही कण दिसले तर आधी अगदी हळू सेंट्रिफ्यूज करून वरचा भाग दुसऱ्या नळीत घ्या. मग १०,००० जीला (गुरुत्वबलाच्या तितक्या पट) ५ मिनिटं फिरवा. तिखटाचा पेलेट केशरी-लाल दिसतो. तो रंग आणि मिरचीतली तेलकट द्रव्यं पुढे पीसीआरला अडवतात. वरचं पाणी काढून टाका, १ मिली निर्जंतुक पाण्यात किंवा बफरमध्ये पेलेट मोकळा करा, पुन्हा फिरवा. धुतलेलं पाणी फिकट होईपर्यंत हे करावं, दोनदा तरी.

पेलेट १०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये किंवा ५ टक्के चेलेक्सच्या द्रावणात विरघळवा. हीट ब्लॉकवर ९५ ते १०० अंशांना १० मिनिटं. झाकणाला क्लिप लावा, नाहीतर उकळताना झाकण उडतं आणि शेजारच्या सॅम्पलमध्ये थेंब पडतो. नळ्या बर्फावर गार होऊ द्या, मगच उघडा. १०,००० जीला ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी हाच आपला डीएनए. चेलेक्स वापरलं असेल तर तळाचे मणी टिपेत येऊ देऊ नका. ते मॅग्नेशियम शोषतात आणि एन्झाइम बंद पाडतात. उकळून काढलेला डीएनए फार टिकत नाही. त्याच दिवशी रन लावा, उरलेला उणे २० ला ठेवा.

प्रत्येक बॅचमध्ये सॅम्पलऐवजी नुसतं पाणी घालून एक नळी याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. हा एक्स्ट्रॅक्शन ब्लँक. लिस्टेरियासारख्या जाड भिंतीच्या ग्राम-पॉझिटिव्ह जंतूला नुसतं उकळणं पुरत नाही. तिथे लायसोझाइमने भिंत आधी फोडावी लागते.

मिक्स आणि प्लेट

२० मायक्रोलिटरच्या एका नळीसाठी, प्रायमर-प्रोब १० मायक्रोमोलर असतील तर:

- २एक्स मास्टर मिक्स: १० मायक्रोलिटर
- पुढचा प्रायमर: ०.८
- मागचा प्रायमर: ०.८
- प्रोब: ०.४
- इंटर्नल कंट्रोलचं मिश्रण (प्रत्येक नळीत आपण घालायचा वेगळा डीएनए): २
- न्यूक्लिएज-मुक्त पाणी: १
- डीएनए: ५

प्रायमर ४०० आणि प्रोब २०० नॅनोमोलर होतो. किटचं प्रमाण वेगळं असेल तर किटचंच धरा.

आठ सॅम्पल दोन-दोन विहिरींत (प्लेटमधल्या खळग्यांत) म्हणजे सोळा, एक एक्स्ट्रॅक्शन ब्लँक, दोन विहिरींत डीएनएऐवजी पाणी, एक पॉझिटिव्ह डीएनए, एक जंतू घातलेली पिशवी, एक नुसत्या बीपीडब्ल्यूची पिशवी. बावीस झाल्या. पिपेटला चिकटून जाणारं धरून चोवीसचं मिक्स करा. डीएनए सोडून दर विहिरीला १५, म्हणजे ३६० मायक्रोलिटर. मिक्स स्वच्छ खोलीत वाटा, पाण्याच्या विहिरी तिथेच भरा, मग प्लेट सॅम्पलच्या खोलीत न्या. आधी सॅम्पल घाला, पॉझिटिव्ह कंट्रोल सगळ्यात शेवटी आणि कोपऱ्यातल्या विहिरीत. फिल्टर टिपच वापरायच्या, त्यात काटकसर नको. बुडबुडे गेले पाहिजेत म्हणून प्लेट सील करून थोडी फिरवा.

पत्ता लिहिल्याशिवाय एकही विहीर भरायची नाही. प्लेटचा नकाशा आधी कागदावर काढा आणि भरलेल्या विहिरीवर खूण करत जा. फोन वाजला तरी हातातली ओळ संपल्याशिवाय उठू नका.

रन

यूएनजी असेल तर ५० अंशांना २ मिनिटं. मग एन्झाइम जागं करायला ९५ अंश, किटप्रमाणे २ ते १० मिनिटं. त्यानंतर ४० फेऱ्या: ९५ ला १५ सेकंद, ६० ला १ मिनिट, प्रकाश ६० ला मोजायचा. साल्मोनेलाचा आणि इंटर्नल कंट्रोलचा रंग वेगवेगळ्या चॅनेलमध्ये निवडलेला आहे ना, ते रन चालू करण्याआधी पुन्हा बघा.

एवढ्या गरमीत एन्झाइम टिकतं ते थर्मस ॲक्वाटिकस या जंतूमुळे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात तो सापडला आणि १९६९ मध्ये त्याची नोंद झाली. कॅरी मलिस यांना पीसीआरसाठी १९९३ मध्ये नोबेल मिळालं. झऱ्यातला जंतू हुडकणाऱ्यांना तेव्हा त्याचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नव्हती, म्हणून मला ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला फार आवडते.

निकाल वाचताना

सॅम्पलकडे बघायच्या आधी कंट्रोलकडे बघा. पाण्याच्या विहिरी, ब्लँक आणि नुसत्या बीपीडब्ल्यूची पिशवी यांत साल्मोनेलाचा सिग्नल नसावा, पॉझिटिव्ह नेहमीच्या सीटीला यावा, जंतू घातलेली पिशवी पॉझिटिव्ह यावी. यातलं एकही चुकलं तर त्या रनमधला एकही निकाल बाहेर जात नाही. ‘बाकी सॅम्पल तर निगेटिव्हच आहेत ना’ असं म्हणून अहवाल काढण्याचा मोह होतो. पण ज्या रनमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोलच आला नाही त्यातल्या निगेटिव्हला काही अर्थ उरत नाही.

मग इंटर्नल कंट्रोल. हा प्रत्येक विहिरीत आपण स्वतः घातलेला वेगळा डीएनए आहे. सॅम्पल स्वच्छ असेल तर तो नेहमीच्या फेरीला येतो. तिखटातल्या रंगाने, दालचिनीतल्या पॉलिफिनॉलने, खिम्यातल्या रक्ताने, दुधातल्या कॅल्शियमने एन्झाइम अडलं तर तो उशिरा येतो किंवा येतच नाही. वाचायचं असं:

साल्मोनेला आला, तर इंटर्नल कंट्रोल आला किंवा न आला तरी तो संभाव्य पॉझिटिव्ह. साल्मोनेलाचा डीएनए भरपूर असला की इंटर्नल कंट्रोल मागे पडतो, ते स्वाभाविक आहे. साल्मोनेला नाही आणि इंटर्नल कंट्रोल वेळेवर आला, तर निगेटिव्ह. दोन्ही नाहीत, तर तो निगेटिव्ह नाही, निकालच नाही. डीएनए एकास दहा पातळ करून पुन्हा लावा. बहुतेक वेळा अडथळा पातळ होतो आणि इंटर्नल कंट्रोल परत येतो. तरीही आला नाही तर कॉलमच्या किटने नव्याने डीएनए काढा. पाण्याच्या विहिरीपेक्षा इंटर्नल कंट्रोल तीन फेऱ्या उशिरा आला तर तिथेही थोडा अडथळा आहे असं समजा, कारण तीन फेऱ्या म्हणजे जवळपास दहापट संवेदनशीलता गेली.

आकड्यावर विसंबू नका, वक्र उघडून बघा. खरा वक्र आधी सपाट, मग झपाट्याने चढणारा आणि शेवटी सपाट होणारा असतो. हळूहळू तिरकी वर सरकणारी रेषा चाळिसाव्या फेरीजवळ थ्रेशोल्ड (सीटीची ठरलेली रेषा) ओलांडते आणि सॉफ्टवेअर तिला सीटी देऊन मोकळं होतं. तो सीटी नाही.

सीटी १८, २२, २५ आला तर वाद नसतो. खरी परीक्षा ३६, ३७ ला होते. अठरा तास वाढवलेल्या पिशवीत जिवंत साल्मोनेला असता तर तो इतक्या उशिरा का यावा? कारणं तीनच: शेजारून आलेला थेंब, मेलेल्या पेशींचा डीएनए किंवा मसाल्याने वाढू न दिलेला खरा जंतू. तिसरं कारण आहे म्हणून असा सीटी खोडून टाकायचा नाही. त्याच पिशवीतून नवा डीएनए काढून पुन्हा रन लावा, पिशवी आणखी काही तास वाढवून परत तपासा आणि कल्चर लावा.

इथे फ्रिजरमधला ‘शून्य तास’ कामाला येतो. त्याचाही डीएनए काढून शेजारी लावा. शून्य तासाला काहीच नाही आणि अठरा तासांनी सीटी २२, तर जंतू जिवंत आहे आणि वाढला आहे. दोन्हीकडे सीटी ३६ च असेल तर वाढ झालेली नाही. वाफेने निर्जंतुक केलेल्या तिखटात हा प्रश्न विशेष येतो, कारण वाफ पेशी मारते पण डीएनए मागे राहतो. हा धोका केवढा मोठा, हेही मोजता येतं: एका विहिरीत पोचतं ते २५ ग्रॅमपैकी ०.००५ ग्रॅम तिखट. मेलेल्या पेशीची एक प्रत तिथे यायला ग्रॅमला निदान २०० मेलेल्या पेशी हव्यात. म्हणजे असा सिग्नल आला तर वाफेच्या आधी माल बऱ्यापैकी घाण होता, आणि ही बातमी कारखान्याला द्यायलाच हवी.

पॉझिटिव्ह आल्यावर

पीसीआरचा पॉझिटिव्ह हा संभाव्य पॉझिटिव्ह असतो. त्याच पिशवीतलं ०.१ मिली आरव्हीएसमध्ये ४१.५ अंशांना आणि १ मिली एमकेटीटीएनमध्ये ३७ अंशांना २४ तास (दोन्ही इतर जंतूंना दाबणारे मीडिया), मग एक्सएलडी आणि आणखी एका आगरवर प्लेट लावा. एक्सएलडीवर साल्मोनेलाच्या वसाहती गुलाबी-लाल, मधोमध काळ्या दिसतात. काळा ठिपका न देणारे प्रकारही आहेत, म्हणून केवळ काळं शोधू नका. शुद्ध वसाहतीची बायोकेमिकल चाचणी, मग प्रकार ओळखायला ओ आणि एच सीरम. हवं तर त्याच वसाहतीवर इन्व्ह-ए पीसीआर लावून दोन्ही धागे जुळवता येतात. म्हणूनच एनरिचमेंटच्या पिशव्या अहवाल निघेपर्यंत फ्रिजमध्ये राहिल्या पाहिजेत, रन संपला म्हणून ऑटोक्लेव्हला टाकायच्या नाहीत.

दरम्यान माल रोखायचा का? माझं मत स्पष्ट आहे: रोखायचा. खात्री व्हायला तीन दिवस लागतात. गेलेला कंटेनर परत आणायला महिने लागतात आणि तोवर कुणीतरी आजारी पडलेलं असतं.

स्वतःच्या लॅबमध्ये पद्धत पडताळणं

किटच्या डब्यावर ‘व्हॅलिडेटेड’ लिहिलेलं असतं ते बहुधा चिकन, अंडी, दूध यांसाठी. तुमचं तिखट, तुमचा काळा मसाला त्यात नसतो. स्वतःच्या लॅबमधल्या पडताळणीसाठी आयएसओ १६१४०-३ हे मानक आहे. कृती साधी आहे. निगेटिव्ह असल्याची खात्री असलेल्या मालाचे २५ ग्रॅमचे अनेक भाग घ्या, प्रत्येकात दहापेक्षा कमी साल्मोनेला पेशी घाला, त्याच दिवशी तेच द्रावण प्लेटवर लावून पेशी खरंच किती होत्या ते मोजा. सुक्या मसाल्यात ओला जंतू घालून लगेच तपासणं म्हणजे स्वतःची फसवणूक; जंतू वाळवून घाला किंवा घातल्यावर माल काही दिवस ठेवून मग तपासा. शेजारी कल्चर पद्धतही चालवा. पीसीआरने जे सोडलं आणि कल्चरने पकडलं ते भाग का सुटले, हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

याखेरीज शुद्ध डीएनएच्या दहा-दहापट पातळ्या करून एक प्रमाण-रेषा काढा. उतार उणे ३.१ ते उणे ३.६ च्या दरम्यान असेल तर कार्यक्षमता ठीक. प्रायमरचा नवा लॉट आला की हे पुन्हा करा. एनएबीएलचे (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचे) परीक्षक हे कागद मागतातच, पण ते नसते तरी मी हे केलं असतं.

इतर जंतू, इतर पदार्थ

सांगाडा तोच राहतो, जनुकं आणि मीडिया बदलतात. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिससाठी एचएलवाय-ए किंवा पीआरएफ-ए. रत्नागिरीच्या कोळंबीतल्या व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकससाठी टॉक्स-आर, आणि तो रोगकारक आहे का हे टीडीएच व टीआरएचवरून. त्याला मिठाचं अल्कलाइन पेप्टोन वॉटर लागतं. शिगा विषाच्या ई. कोलायसाठी एसटीएक्स १, एसटीएक्स २ आणि ईएई. यात एक पेच आहे: एनरिचमेंटमध्ये एसटीएक्स एका जंतूचा आणि ईएई दुसऱ्याचा असू शकतो, दोन्ही सिग्नल आले म्हणजे दोन्ही जनुकं एकाच पेशीत आहेत असं नाही. वसाहत वेगळी काढल्याशिवाय तिथे काहीच ठरत नाही.

रिअल-टाइम यंत्र परवडत नसेल तर लॅम्प ही २००० साली जपानमधून आलेली पद्धत बघा. ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला साध्या हीट ब्लॉकवर तासाभरात ती चालते. प्रायमर चार ते सहा लागतात आणि तुकडे पीसीआरपेक्षाही जास्त तयार होतात, त्यामुळे नळी न उघडण्याचा नियम तिथे दुप्पट कडक पाळावा लागतो.

अहवाल आणि जपून ठेवायच्या गोष्टी

अहवालात ‘साल्मोनेला: २५ ग्रॅममध्ये आढळला नाही’ असं लिहा, ‘माल सुरक्षित आहे’ असं नाही. वापरलेली पद्धत, पातळ करण्याचं प्रमाण, सॅम्पलची संख्या आणि ते कुणी काढलं हे लिहा. लवंग एकास हजार पातळ केली असेल तर त्यासाठी किती मीडिया वापरला हेही. सरकारी कामासाठी किंवा परदेशी ग्राहकासाठी अहवाल असेल तर त्यांना पीसीआर चालतं की कल्चरच हवं, हे सॅम्पल घेण्याआधी विचारून घ्या.

पॉझिटिव्ह सॅम्पलमधून मिळालेली शुद्ध वसाहत २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवा. नळीवर लॉट नंबर, तारीख आणि कारखान्यातली जागा लिहा. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ पासून अशा वसाहतींचे पूर्ण जीनोम वाचून जोडायला सुरुवात केली. त्यामुळे आज सापडलेला जंतू आणि सहा महिन्यांनी त्याच कारखान्यात सापडलेला जंतू एकच आहे का, हे सांगता येतं. एकच निघाला तर तो कच्च्या मिरचीतून येत नसून दळणाच्या यंत्रात किंवा छतावरच्या गळतीत मुक्काम ठोकून बसला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी पुढची सॅम्पल तिखटाची न घेता चक्कीच्या कडांची, चाळण्यांच्या सांध्यांची आणि जमिनीवरच्या मोऱ्यांची घ्यायची, स्वॅबने, यंत्र धुण्याआधी.